अमरत्वाचा सापळा : ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ या वर्धापनकथेतील स्मरण आणि अनुपस्थिती

स्वतःचा वर्धापनदिन साजरा करण्यासाठी लिहिलेली कथा हा वाङ्मयीन दृष्टीने काहीसा संशयास्पद प्रकार मानावा लागतो. तिचे प्रयोजन कथेच्या बाहेर निश्चित झालेले असते. पात्रे कोणती असावीत हे कथानकाच्या गरजेपेक्षा निमंत्रणपत्रिकेवर ठरते, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला व्यासपीठावर चार घटका तरी द्याव्या लागतात. महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन ज्यांनी केले आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्मरणिकेत कोण आले यापेक्षा कोण राहून गेले, याचीच चर्चा पुढे अनेक वर्षे होत राहते.

ब्रिटनच्या बीबीसी या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिक मालिकेच्या विसाव्या वर्षानिमित्त निर्माण झालेली ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ ही नव्वद मिनिटांची कथा याच प्रकारात मोडते. रंजक पण विस्कळीत अशी मेजवानी, या पलीकडे तिची दखल सहसा घेतली जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे मूल्यमापन अपुरे आहे. या कथेचा खलनायक आणि या कथेचा प्रसंग यांची इच्छा एकच आहे : काळ थांबावा, गेलेले सारे एका जागी यावे आणि आपण कायम राहावे. ज्या इच्छेपोटी कथा जन्माला आली त्याच इच्छेला कथेने दोषी ठरवावे, ही विसंगती तिच्या गाभ्याशी आहे. कथेतील चांगले आणि फसलेले, दोन्ही त्या विसंगतीतून आले आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

मराठी वाचकाला या मालिकेची ओळख असेलच असे नाही, म्हणून थोडी माहिती देणे इष्ट ठरेल. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. सिडनी न्यूमन यांची मूळ प्रेरणा, व्हेरिटी लँबर्ट यांची निर्मिती आणि वारिस हुसेन यांचे दिग्दर्शन असा तो योग होता. वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. अस्सल इंग्रजी मानल्या गेलेल्या या मालिकेच्या पहिल्याच कथेचा दिग्दर्शक भारतात जन्मलेला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

नायक म्हणजे ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा, आपल्या जगातून पळून निघालेला एक प्रवासी. बाहेरून पोलिसांच्या निळ्या दूरध्वनी-पेटीसारखे दिसणारे आणि आतून अतिप्रशस्त असलेले ‘टार्डिस’ हे त्याचे यान काळात व अवकाशात कोठेही जाते. प्रथम ही भूमिका विल्यम हार्टनेल यांनी केली. त्यांची प्रकृती ढासळू लागली तेव्हा १९६६ साली निर्मात्यांनी एक अजब तोडगा काढला : नायकाचे शरीरच बदलले. मरणोन्मुख डॉक्टर नवा देह, नवा चेहरा आणि काहीसा नवा स्वभाव घेऊन उठतो. स्मृती मात्र तीच राहते. यालाच पुढे पुनर्जनन हे नाव मिळाले. हार्टनेल यांच्यानंतर पॅट्रिक ट्राउटन, जॉन पर्टवी, टॉम बेकर आणि पीटर डेव्हिसन असे क्रमाने पाच डॉक्टर १९८३पर्यंत झाले होते. डॉक्टर ज्या जमातीचा, ती गॅलिफ्रे या ग्रहावरील टाइम लॉर्डांची, म्हणजे कालाधिपतींची. पुनर्जननाची संख्याही अमर्याद नाही. ती बारा वेळाच होऊ शकते, हा दंडक १९७६च्या ‘द डेडली असॅसिन’ या कथेत रॉबर्ट होम्स यांनी घालून दिला. प्रस्तुत कथेतील खलनायकाचा सारा आटापिटा या एका दंडकाविरुद्ध आहे.

व्यावहारिक अडचणीतून निघालेल्या या युक्तीने एक विलक्षण शक्यता खुली केली. इतर मालिकांच्या स्नेहमेळाव्यात जुनी माणसे एकमेकांना भेटतात. येथे एकच माणूस स्वतःला भेटू शकतो. दहाव्या हंगामाच्या आरंभी, डिसेंबर १९७२ ते जानेवारी १९७३ या काळात ‘द थ्री डॉक्टर्स’ ही तशी पहिली कथा आली. तेव्हा हार्टनेल इतके आजारी होते की ते केवळ यानातील पडद्यावरूनच बोलताना दिसतात; इतर दोघांबरोबर ते वावरत नाहीत. ही त्यांची शेवटची भूमिका ठरली. एप्रिल १९७५मध्ये त्यांचे निधन झाले. पुनर्भेटीच्या या परंपरेत पहिल्यापासूनच एक खुर्ची अर्धी रिकामी होती, हे येथे नोंदवून ठेवावे.

निर्मितीतील रिकाम्या जागा

विसाव्या वर्षाच्या कथेचे लेखन आधी रॉबर्ट होम्स यांच्याकडे सोपवण्यात आले होते. मालिकेच्या लेखकांत ते बहुधा सर्वांत कुशल. परंतु इतक्या अटी सांभाळून कथा रचणे त्यांना जमेना, आणि ते काम टेरन्स डिक्स यांच्याकडे आले. होम्स यांच्या आराखड्यातील एक कल्पना लक्षणीय होती : पहिला डॉक्टर हा खरा नसून तोतया यंत्रमानव असल्याचे उघड व्हायचे होते. हार्टनेल हयात नव्हते, त्यांच्या जागी दुसरा नट उभा करायचा होता, आणि त्या वेगळ्या चेहऱ्याचा खुलासा कथेतच द्यावा असा होम्स यांचा विचार दिसतो. डिक्स यांनी तो खुलासा टाकून दिला. रिचर्ड हर्नडॉल हे पहिला डॉक्टर म्हणून येतात आणि कथा त्यांना निःशंकपणे तोच माणूस मानते. चेहरा बदलला तरी माणूस तोच, हे ज्या मालिकेचे मूलतत्त्व आहे, तिने या एका ठिकाणी संकोच करावा तरी का? डिक्स यांचा निर्णय अधिक धाडसी होता आणि अधिक सुसंगतही.

तथापि या निर्णयाआधी कथेने एक गोष्ट केली आहे. शीर्षकाच्याही आधी खुद्द हार्टनेल पडद्यावर येतात. हे दृश्य १९६४च्या ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ या कथेच्या अखेरीचे आहे. आपली नात सुझन हिला पृथ्वीवर तिच्या संसारासाठी मागे ठेवून डॉक्टर निघाला आहे, आणि कधीतरी परत येईन असे तो तिला सांगतो. एका दिवंगत नटाने १९६४ साली दिलेले परतण्याचे वचन १९८३ साली जसेच्या तसे ऐकवणे, ही या कथेची पहिली कृती. श्रद्धांजलीची इतकी संयत रीत दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळेल.

दुसरी रिकामी जागा टॉम बेकर यांची. सात वर्षे ही भूमिका करून १९८१ साली ते बाहेर पडले होते, आणि इतक्या लवकर परतण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा निर्माते जॉन नेथन-टर्नर यांनी ‘शाडा’ या अपूर्ण कथेतील चित्रणाचा आधार घेतला. डग्लस ॲडम्स यांनी लिहिलेली ही कथा १९७९मध्ये बीबीसीतील संपामुळे अर्धवट राहिली होती. तिच्यातील कॅम नदीवरील नौकाविहाराचे दृश्य येथे आणले गेले : बेकर आणि लाला वॉर्ड केंब्रिजच्या पुलांखालून संथपणे नाव वल्हवीत आहेत. (जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ वाचलेल्यांना हे केंब्रिज मुळीच परके वाटणार नाही.) इतक्यात त्यांना काळाच्या प्रवाहातून उचलले जाते, पण ते इच्छित स्थळी पोचत नाहीत, मध्येच अडकतात. कथा संपेपर्यंत चौथा डॉक्टर कोठेच नसतो. ज्या कथेचे चित्रण कधी पूर्ण झाले नाही तिच्यातून आलेला माणूस या कथेतही अपूर्णच राहतो, हा योगायोग जुळून आला आहे खरा.

प्रसिद्धीसाठी पाचही डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र आवश्यक होते. बेकर आले नाहीत, म्हणून मादाम तुसाँ संग्रहालयातील त्यांचा मेणाचा पुतळा आणून इतरांबरोबर उभा करण्यात आला. या पुतळ्याविषयी चेष्टेने पुष्कळ बोलले गेले आहे. वास्तविक कथेचा शेवट ज्याने पाहिला आहे त्याला या छायाचित्रात चेष्टेपेक्षा अधिक काही दिसावे. त्याकडे पुढे वळू.

स्मृती हेच शरीर

कथानक थोडक्यात असे. गॅलिफ्रेवरील ‘डेथ झोन’ नावाच्या ओसाड प्रदेशात कोणी अज्ञात व्यक्ती डॉक्टरची निरनिराळ्या काळांतील रूपे व त्यांचे सहप्रवासी यांना ओढून आणते. प्राचीन कालाधिपती येथे इतर जीवांना आणून झुंजवीत आणि त्यांचा खेळ पाहत. मध्यभागी एक काळा मनोरा आहे. त्यात कालाधिपतींचा आद्य पुरुष रॅसिलॉन याची समाधी. मनोऱ्याकडे वरून, खालून आणि महाद्वारातून असे तीन मार्ग जातात, आणि तीन डॉक्टर तीन मार्गांनी निघतात. वाटेत डालेक, सायबरमन, यती असे जुने शत्रू हजेरी लावून जातात. डालेक तर आरशांच्या बोळात एकदाच येतो आणि स्वतःच्याच शस्त्राने नष्ट होतो. या हजेरीत वाङ्मयीन असे काही शोधू नये. ती निमंत्रणपत्रिकेची पूर्तता आहे.

खरे मर्म पाचव्या डॉक्टरच्या वेदनेत आहे. आपल्या यानाजवळ तो स्वस्थ उभा असताना त्याला अकस्मात कळ येते. मागचे एकेक रूप काळातून उपटले जाते तसतसा तो खंगत जातो, क्षणभर विरळही होऊ लागतो. माणूस हा त्याच्या स्मृतींची बेरीज असतो आणि कालाधिपती तर त्याहूनही अधिक, अशा आशयाचे तो बोलतो. हे वाक्य मालिकेच्या चाहत्यांत फार प्रिय आहे, आणि म्हणूनच कदाचित त्याचा कथेच्या संदर्भातील अर्थ नीट पाहिला गेला नाही. भूतकाळाला त्याच्या जागेवरून उचलून आजच्या रंगमंचावर आणणे हे येथे आनंदाचे कृत्य नाही. ते अपहरण आहे आणि त्याची इजा वर्तमानाला होते. विसाव्या वर्षी जुन्या नटांना गोळा करणारी मालिका आपल्या पहिल्या काही मिनिटांतच हे सांगते आहे.

याच सूत्राचा सर्वांत उत्तम आविष्कार मनोऱ्यातील एका छोट्या प्रसंगात होतो. दुसरा डॉक्टर व ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट वर चढत असताना जेमी आणि झोई हे दुसऱ्या डॉक्टरचे जुने सहप्रवासी त्यांना आडवे येतात. पुढे जाऊ नका, गेलात तर आमचा नाश होईल, अशी विनवणी ते करतात. डॉक्टर थबकतो. मग त्याच्या ध्यानात येते की ही दोघे खरी असूच शकत नाहीत. कालाधिपतींनी त्या दोघांना आपापल्या काळात परत पाठवले तेव्हा डॉक्टरबरोबरच्या प्रवासाच्या त्यांच्या स्मृती पुसून टाकल्या होत्या; पहिल्या भेटीपलीकडे काही ठेवले नव्हते. मग हे आपल्याला आणि ब्रिगेडियरना ओळखतात कसे? प्रश्न विचारताच आकृत्या विरून जातात.

हा संदर्भ १९६९च्या ‘द वॉर गेम्स’ या कथेचा आहे, आणि तिच्या दोन लेखकांपैकी एक टेरन्स डिक्स हेच होते. चौदा वर्षांपूर्वी स्वतः केलेला आघात त्यांनी येथे पुन्हा उघडा केला. स्नेहमेळाव्याच्या कथेत ज्यांना सर्व आठवते आहे तेच खोटे, आणि जे खरे आहेत त्यांना काहीही आठवत नाही! ओळख पटणे हा पुनर्भेटीचा मूळ आनंद. डिक्स यांनी ओळख पटण्यालाच भासाचे लक्षण ठरवले. ट्राउटन यांनी हा क्षण गाजावाजा न करता, चेहऱ्यावरचे खट्याळ भाव हळूहळू मावळू देऊन, नेमका पेलला आहे. चाहत्यांनी मात्र याच प्रसंगावर एक तार्किक आक्षेप घेतला : त्या घटनेनंतर लगेच दुसऱ्या डॉक्टरचे पुनर्जनन झाले असेल तर त्याला ती आठवावी कशी? या आक्षेपातून मधल्या एका अज्ञात कालखंडाचा सिद्धान्त निघाला, आणि २००५ साली डिक्स यांनीच त्या कालखंडावर ‘वर्ल्ड गेम’ ही कादंबरी लिहिली. कालक्रमाचा हिशेब ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी तो जरूर करावा. हिशेब चुकतो म्हणून प्रसंग उणा ठरत नाही.

अशा पुनर्भेटी कथेत इतरही आहेत, पण त्या या उंचीला पोचत नाहीत. सर्वांत मोठे अपयश सुझनच्या बाबतीत आहे. शीर्षकापूर्वीचे दृश्य तिच्या निरोपाचे. तिला दिलेले वचन आपण नुकतेच ऐकले आहे. आणि काही मिनिटांतच आजोबा व नात आरशांच्या बोळात समोरासमोर येतात. कॅरोल ॲन फोर्ड यांनी आपली १९६४ची भूमिका पुन्हा केली आहे. येथे काय घडायला हवे होते? तू परत का आला नाहीस, एवढा एक प्रश्न पुरेसा होता. तो विचारला जात नाही. भेट होते, डालेक येतो, दोघे धावत सुटतात. पुढे सुझनचा पाय मुरगळतो आणि ती यानात बसून राहते. वचन पूर्ण झाले ते अपघाताने, वचन देणाऱ्याच्या इच्छेने नव्हे, आणि झाल्याचे दोघांच्याही लक्षात आलेले दिसत नाही. संहितेने आपल्याच प्रारंभाशी केलेली ही प्रतारणा आहे. प्रत्येक पाहुण्याला वेळ वाटून देण्याच्या गडबडीत ज्या एका भेटीसाठी कथा थांबायला हवी होती, तेथे ती थांबली नाही.

मास्टर या जुन्या शत्रूचे उपकथानक मात्र अनपेक्षितपणे चांगले जमले आहे. ही भूमिका प्रथम करणारे रॉजर डेलगाडो १९७३ साली अपघातात वारले. येथे अँथनी एनली आहेत. डॉक्टरला वाचवण्यासाठी गॅलिफ्रेचे शासन मास्टरलाच पाठवते आणि मोबदल्यात त्याला नव्या आयुष्यांचे आमिष दाखवते. तो प्रत्येक डॉक्टरला खरे तेच सांगतो आणि कोणीही त्यावर विश्वास ठेवत नाही. तिसरा डॉक्टर तर त्याच्याकडील शासनमुद्रा चोरीची ठरवून स्वतःच्या खिशात टाकतो. जुनी माणसे भेटली की जुनेच ग्रह घेऊन भेटतात. पुनर्भेटीविषयीचे हे निरीक्षण विनोदाच्या अंगाने आले आहे, पण खरे आहे.

गुरू, पट आणि शिळा

हा डाव मांडणारा अखेर गॅलिफ्रेचा राष्ट्राध्यक्ष बोरूसा निघतो. आरंभापासून आपल्याला काळ्या हातमोज्यातील एक हात दिसत असतो. प्रत्येक डॉक्टर काळातून उचलला गेला की त्या आकाराची एक छोटी बाहुली पटावर ठेवली जाते. बोरूसा हा डॉक्टरचा एकेकाळचा शिक्षक. ‘द डेडली असॅसिन’मध्ये तो प्रथम आला, आणि १९७६ ते १९८३ या काळात चार कथांत चार वेगवेगळ्या नटांनी त्याची भूमिका केली, येथे ती फिलिप लेथम यांच्याकडे आहे. त्याच्याविषयी प्रेक्षकाला आदर होता. थोडा कर्मठ, पण ताठ कण्याचा असा तो अध्यापक होता. म्हणूनच त्याचे पतन बोचते. सत्ता त्याच्याकडे आहेच. त्याला ती संपू नये असे वाटते. रॅसिलॉनने अमरत्वाचे रहस्य शोधले अशी आख्यायिका आहे, ते समाधीत आहे, आणि मनोऱ्यातील अडथळे दूर करण्यासाठी त्याला शिष्याची पाचही रूपे हवी आहेत.

पटावर बाहुल्या मांडणारा हा हात आणि वर्धापनकथेचा निर्माता यांतील साम्य डिक्स यांनी जाणून योजले असेल किंवा नसेलही. संहितेत ते आहे. दोघेही जुन्या डॉक्टरांना त्यांच्या काळातून उचलून एका पटावर आणतात. दोघांचाही एक मोहरा वाटेत अडकतो. आणि दोघांनाही हवे असते सातत्य, न संपणारे.

समाधीवरील दृश्य या दृष्टीने निर्णायक आहे. रॅसिलॉनची आकृती प्रकट होते आणि अमरत्व कोणाला हवे असे विचारते. इतर डॉक्टर विरोध करतात, पण पहिला डॉक्टर बोरूसाला ते देण्यास हसत संमती दर्शवतो. जो हरतो तो जिंकतो आणि जो जिंकतो तो हरतो, अशा अर्थाचे जुने वचन त्यालाच उलगडलेले असते. बोरूसा अंगठी घालतो. समाधीच्या कडेला कोरलेले दगडी चेहरे डोळे उघडतात. ते कोरलेले नव्हतेच. पूर्वी अमरत्व मागायला आलेले ते कालाधिपती आहेत, जिवंत आणि शिळारूप. बोरूसा त्यांच्या रांगेत जातो. रॅसिलॉनने अमरत्वाचे आमिष ठेवले होते ते अशा माणसांना हुडकून कायमचे बंदिस्त करण्यासाठी.

आपल्याकडील वाचकाला येथे चिरंजीव अश्वत्थामा आठवेल. अमरत्व हा शाप असू शकतो हे आपल्याला नवे नाही. परंतु अश्वत्थाम्याच्या शापात भटकंती आहे. बोरूसाच्या शापात जागा सोडता येत नाही. ज्या मालिकेने चेहरा बदलून जगण्याची रीत शोधली, तिच्यासाठी सर्वांत मोठी शिक्षा चेहरा न बदलणे हीच असणार. आता ते मेणाच्या पुतळ्याचे छायाचित्र पुन्हा पाहावे. बेकर यांनी यायचे नाकारले. जो हलत नाही, बदलत नाही, नाकारू शकत नाही असा बेकर निर्मात्यांना संग्रहालयातून आणावा लागला. कथेतील समाधी आणि कथेबाहेरील छायाचित्र यांत अंतर फार थोडे उरते.

प्रेक्षकाची स्मृती

या कथेचा मूळ परिणाम समजण्यासाठी १९८३च्या प्रेक्षकाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. जुने भाग हवे तेव्हा पाहता येण्याचा तो काळ नव्हता. मालिकेची पहिली ध्वनिचित्रफीत त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रीस आली. १९६०च्या दशकातील कितीतरी मूळ फिती बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या होत्या, आणि हार्टनेल व ट्राउटन यांच्या कारकिर्दीतील नव्वदहून अधिक भाग आजही उपलब्ध नाहीत. १९८१ साली बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीने प्रत्येक डॉक्टरची निवडक कथा पुन्हा दाखवली, असे अपवाद थोडेच. बाकी सारी भिस्त आठवणीवर आणि टार्गेट या प्रकाशनसंस्थेच्या छोट्या कादंबऱ्यांवर होती. त्या कादंबऱ्यांपैकी साठांहून अधिक एकट्या डिक्स यांनी लिहिल्या. म्हणजे मालिकेची सामूहिक स्मृती ज्याने शब्दांत जपली, त्याच माणसाने विसाव्या वर्षाची कथा लिहिली. पाहायला काहीच उरलेले नसताना पर्टवी यांची पिवळी मोटार धुक्यातून येताना दिसणे म्हणजे काय, हे सर्व भाग हाताशी असणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला जाणवणे कठीण आहे. दिग्दर्शक पीटर मॉफट यांची हाताळणी पुष्कळ ठिकाणी सपाट आहे. सेरा जेन ज्या कड्यावरून कोसळते तो कडा साध्या उताराएवढाही वाटत नाही, आणि वेल्सच्या डोंगराळ प्रदेशात चित्रण करूनही डेथ झोनची दहशत फारशी जाणवत नाही. तरी ओळखीचा तो पहिला धक्का या दोषांना पुरून उरला असणार.

अमेरिकेतील काही केंद्रांवरून ही कथा नेमक्या वर्धापनदिनी, २३ नोव्हेंबर १९८३ रोजी प्रक्षेपित झाली; खुद्द ब्रिटनमध्ये ती दोन दिवसांनी, मुलांसाठी निधी गोळा करण्याच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या कार्यक्रमात दाखवली गेली. ज्यांचा वाढदिवस त्यांनीच उशिरा पाहिला.

शेवट फार महत्त्वाचा आहे. इतर डॉक्टर आपापल्या काळात परत जातात. ‘शाडा’चा नौकाविहार पुन्हा दिसतो आणि चौथा डॉक्टर मोकळा होतो. बोरूसाच्या जागी पाचव्या डॉक्टरची राष्ट्राध्यक्षपदी निवड झाल्याचे चॅन्सेलर फ्लाविया जाहीर करते. तिला पुढे पाठवून, आपण मागोमाग येतो असे सांगून, तो यानात शिरतो आणि दुसरीकडेच निघून जातो. आपल्याच लोकांपासून मोडक्या यानातून पळणार का, असे सोबती विचारतात. आरंभही असाच झाला होता, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे. ज्या पदासाठी गुरू शिळा झाला ते पद शिष्य घेत नाही. वर्धापनदिनाच्या समारोपाला नायक आपल्याच घरातून, आपल्याच सत्कारातून पळ काढतो. हा पळ म्हणजे मालिकेचा मूळ प्राण, हे डिक्स यांनी अचूक ओळखले होते.

तीस वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, पन्नासाव्या वर्षाची ‘द डे ऑफ द डॉक्टर’ ही स्टीव्हन मॉफट यांची कथा ९४ देशांत एकाच वेळी दाखवली गेली. रचनेच्या बाबतीत ती ‘द फाइव्ह डॉक्टर्स’पेक्षा निःसंशय सरस आहे. तिची दिशा मात्र उलटी आहे. येथे नष्ट झालेला गॅलिफ्रे वाचवला जातो आणि डॉक्टर अखेरीस घराकडे निघतो. तिच्या शेवटच्या काही मिनिटांत टॉम बेकर येतात, तब्बल तीन दशकांपूर्वीच्या नकारानंतर, आणि येतात ते चित्रसंग्रहालयाच्या अभिरक्षकाच्या रूपात. आपल्या काही आवडत्या जुन्या चेहऱ्यांकडे तू पुन्हा वळशील, असे तो वृद्ध अभिरक्षक तरुण डॉक्टरला सुचवतो. प्रसंग हृद्य आहे, आणि बेकर यांच्या नुसत्या आवाजाने प्रेक्षक हेलावतो.

साठाव्या वर्षी, २०२३मध्ये, ते सुचवणे अक्षरशः खरे झाले. डेव्हिड टेनंट हे दहाव्या डॉक्टरचा चेहरा घेऊन चौदावा डॉक्टर म्हणून परतले, आणि ‘द गिगल’ या कथेत पुनर्जननाचा नियमच वाकवण्यात आला : नवा डॉक्टर जुन्यातून वेगळा निघाला, पण जुना नाहीसा झाला नाही. नवा यान घेऊन प्रवासाला गेला. जुना आपल्या मैत्रिणीच्या कुटुंबात, घरामागच्या बागेत, जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला.